धरण उणे कसं होतं, आणि हा मामा नक्की कुणाचा?

मागच्या महिन्यात या पानावर मी सहज लिहून गेलो की तळी, तलाव, धरणं यांच्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि आता बसलोय डोक्याला हात लावून. एक पोस्टकार्ड आलं, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यात निम्मे फोटो विदाउट प्रश्न. धरणाच्या कामावर शाखा अभियंता म्हणून माझी नोकरी गेली, कॉलनीतल्या पत्र्याच्या क्वार्टरमध्ये, त्यामुळे पाण्याचं विचारलं की मी जरा लांबण लावतो, आधीच सांगून ठेवतो. सगळ्यांना जागा देता आली नाही, राहिलेल्यांनी रागावू नका.

टेंभुर्णीहून एक वाचक: उन्हाळा लागला की आमच्याकडे सगळ्यांच्या स्टेटसला एकच, "उजनी मायनस ३० टक्के". पाणी शून्याच्या खाली कसं काय जातं? मुलगा सातवीत आहे, तो म्हणतो पप्पा शून्य म्हणजे संपलं ना, मग समोर दिसतंय ते काय आहे? मला काय सांगता आलं नाही.

दादा, मुलगा पण बरोबर आहे आणि स्टेटसवाले पण बरोबर आहेत. गोम अशी की टक्के कशाचे ते कुणी सांगतच नाही. उजनीत एकूण मावतं ११७ टीएमसीच्या थोडं वर (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). त्यातलं ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खालचं पाणी. मृत म्हणतात म्हणून ते काही मेलेलं नसतं, त्यात मासे असतात, पक्षी असतात, फक्त ते आपोआप कालव्यात जात नाही. त्याच्या वरचं ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा, आणि पेपरातला शून्य टक्का हा या उपयुक्त साठ्याचा तळ असतो, धरणाचा तळ नव्हे.

मुलाला घरातल्या पाण्याच्या पिंपावर नेऊन दाखवा. पिंपाला तोटी बुडाशी नसते, चार बोटं वर असते. तोटीतून पाणी यायचं थांबलं की घरात बोंब होते पाणी संपलं म्हणून, पण वाकून बघितलं तर खाली पाणी असतंच की, तांब्या घालून काढता येतं. उजनीच्या पिंपाला तोटी निम्म्याच्याही वर बसवलीय, एवढंच. ती तशी का बसवली तर कालवा हा उतारानं वाहतो, त्याला मोटर नसते, लांबची आणि जरा उंचावरची रानं भिजवायची तर त्याचं तोंड वरच ठेवावं लागतं.

आता उणे ३० चा हिशोब. ५३.५७ चे ३० टक्के म्हणजे १६ टीएमसी, ते ६३.६६ मधून वजा करा, उरतात साडेसत्तेचाळीस. म्हणजे स्टेटसला मायनस ३० लागतं तेव्हा धरणात साडेसत्तेचाळीस टीएमसी पाणी असतं! मुंबईला पाणी देणारे सातही तलाव काठोकाठ भरले तरी त्यांचा मिळून वापरायचा साठा ५१ टीएमसी होतो, यावरून अंदाज घ्या. अर्थात यातला बराचसा भाग गाळानं खाल्लाय आणि तळातलं पाणी काही कुणी पिंपासारखं तांब्या घालून काढत नाही, त्यामुळे आकडा मोठा दिसला म्हणून निवांत बसायचं कारण नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात तर उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं, आठवत असेलच तुम्हाला. तेव्हा सोलापूरच्या पाण्यासाठी दुबार पंपिंग करावं लागतं, म्हणजे पाणी पंपापासून लांब सरकतं, मग तात्पुरते पंप टाकून पाणी आधी नेहमीच्या पंपाकडे आणायचं आणि तिथून परत वर उचलायचं. लाइटबिल दोनदा, पाणी एकदाच.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. उजनी ही घागर नाही, परात आहे. तो ५३ टीएमसी उपयुक्त साठा जेमतेम सहा मीटर उंचीत बसलेला आहे, म्हणून पाणी एक वीत उतरलं तरी काठ किती मागे पळतो ते तुम्ही बघता. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर आलं की इंदापूरकडचे लोक ओळखतात किती उतरलंय ते, त्यांना आकडा नको असतो. मी एकदा त्या उघड्या पडलेल्या जमिनीवरून चालत गेलो होतो, वरून भेगा पडलेली कोरडी दिसते आणि पाय टाकला की पोटरीपर्यंत आत, चप्पल अजून तिथेच असेल. शेजारी एक जण जाळ्यातली चिलापी काढत बसला होता, म्हणाला साहेब तुमचं धरण संपलंय पण आमचं चालू आहे.

आणि पावसाळ्यात तुम्ही लोक जो "दौंड विसर्ग" बघत बसता, म्हणजे दौंडजवळून उजनीकडे येणारं पाणी, त्याचा सोपा गुणाकार: ११,५७४ क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, चोवीस तास पाणी आलं की एक टीएमसी होतं. ५० हजार क्युसेक दिवसभर टिकलं तर सव्वाचार टीएमसीच्या वर. पण टिकलं तर. रात्री दहाला ५० हजार आणि पहाटे १८ हजार असेल तर स्क्रीनशॉट पाठवून नाचायचं नाही.

भांडुपहून एक वाचक: आम्ही लहानपणापासून "सात तलाव" म्हणतो, नवरा म्हणतो ती तलाव नाहीत, धरणं आहेत. पैज लागली आहे.

ताई, पैज मिस्टर जिंकले पण तुम्ही हरला नाहीत. सातही ठिकाणी बांध घालूनच पाणी अडवलंय, विहार १८६० चं, तुळशी १८७९ चं, तानसा १८९२ चं, त्यामुळे धरणच. पण मुंबईनं त्यांना तलाव म्हटलं आणि ते चिकटलं, मोडकसागरला तर अभियंता मोडक यांचं नाव देऊन थेट सागरच करून टाकलं. नवऱ्याला उलट विचारा की सातातलं सगळ्यात मोठं कुठलं. भातसा, जवळजवळ निम्मं पाणी एकट्याचं. आणि पवई या सातांत नाहीच, तिचं पाणी पिण्याच्या कामाचं नाही. हे बऱ्याच मुंबईकरांना माहीत नसतं.

नांदेडहून, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक वाचक: सर, भारतातलं सर्वात मोठं सरोवर कोणतं? एका पुस्तकात वुलर, एकात चिल्का, एकात वेंबनाड, आणि मानवनिर्मितमध्ये एकात गोविंद वल्लभ पंत सागर आणि एकात इंदिरा सागर. टेस्ट सिरीजमध्ये माझे दोन मार्क गेले, आक्षेप घेतला तर म्हणाले पुस्तक नीट वाचा. देशात एकूण तलाव किती, हेही सांगा.

बाळा, तुझे मार्क मी परत देऊ शकत नाही पण दोष तुझा नाही एवढं लिहून देतो. पाचही उत्तरं आपापल्या जागी किंवा आपापल्या काळात बरोबर आहेत, प्रश्न अर्धा आहे. गोड्या पाण्याचं विचारलं तर काश्मीरचं वुलर, झेलम त्यात शिरते आणि बाहेर पडते, म्हणून नदी फुगली की वुलर फुगतं आणि हिवाळ्यात आकसतं, त्याचं क्षेत्रफळ एकच एक सांगणारा माणूस धाडसी म्हणायचा. खाऱ्या-मचूळ पाण्याचं विचारलं तर ओडिशाचं चिल्का, पण ते खरं तर खाजण आहे, समुद्राशी जोडलेलं. लांबीचं विचारलं तर केरळचं वेंबनाड, ९६ किलोमीटर. देशाच्या आतलं, समुद्राशी संबंध नसलेलं खारं विचारलं तर राजस्थानचं सांभर, जिथलं मीठ आपण खातो. ही सहावी शक्यता तुझ्या टेस्टवाल्यांना सुचली नाही हे तुझं नशीब.

मानवनिर्मितचा गोंधळ वेगळा आहे. रिहंद धरण १९६२ चं, त्याचा जलाशय म्हणजे पंत सागर, आणि कित्येक वर्षं ते उत्तर खरंच बरोबर होतं. मग नर्मदेवर इंदिरा सागर झालं, २००५ च्या सुमाराला भरलं, त्यात १२.२२ अब्ज घनमीटर पाणी मावतं, म्हणजे ४३१ टीएमसी, आपली पावणेचार उजनी! पुस्तकवाल्यांनी नवीन आवृत्तीला फक्त मुखपृष्ठ बदललं.

चिल्काबद्दल एक गोष्ट वाच, परीक्षेला नाही आली तरी. त्याचं समुद्राकडचं तोंड वाळूनं बुजत चाललं होतं, खारेपण कमी झालं, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली, आणि रामसर यादीतल्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतल्या, धोक्यातल्या जागांच्या वेगळ्या नोंदवहीत त्याचं नाव गेलं. मग सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवीन तोंड खणलं. एक खणलेलं तोंड! मासळी परत आली, २००२ मध्ये नाव त्या नोंदवहीतून निघालं. आम्ही आयुष्यभर पाणी अडवायचं शिकलो, आणि तिथं तळं वाचलं ते भिंत फोडून. मला त्याचं अजून नवल वाटतं. मणिपूरच्या लोकताकची गोष्ट बरोब्बर उलटी आहे. तिथं पाण्यावर तरंगणारे गवताचे जाडजूड थर असतात, फुमदी म्हणतात त्यांना, त्यावर सांगाई हरीण राहतं. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायची, मुळांना मातीतून खत मिळायचं, पावसात परत वर. १९८३ मध्ये इथाई बंधारा झाला, पाणी वर्षभर एका लेव्हलला राहायला लागलं, फुमदी टेकेनाशी झाली आणि पातळ होत चालली. हरणाचा भार पेलायचा कसा त्यानं.

देशात किती, तर पाण्याच्या साठ्यांची पहिली गणना झाली, २०२३ मध्ये अहवाल आला, आकडा २४,२४,५४०. साठ टक्के तर नुसती लहान तळीच. पश्चिम बंगाल पहिला, साडेसात लाखांच्या जवळपास, कारण तिथं घरामागे पुकुर, म्हणजे छोटं तळं, असतोच. महाराष्ट्रात ९७ हजार. अतिक्रमण म्हणे फक्त १.६ टक्के साठ्यांवर. हे वाचून मी हसलो, कारण ज्या तळ्यावर आख्खी सोसायटी उभी राहिली ते तळं म्हणून मोजायला शिल्लकच कुठं असतं.

सडक अर्जुनी तालुक्यातून एक वाचक: आमच्या गावात मामा तलाव आहे. पुण्यात होस्टेलवर सांगितलं तर सगळे हसतात, कुणाचा मामा म्हणून. मलाही नीट सांगता येत नाही. शिवाय त्या तलावाची आता रया गेली आहे, कुणाला सांगावं तेही कळत नाही.

भाऊ, हसणाऱ्यांना सांगा, माजी मालगुजारी, दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर घेतलं, झाला मामा. सरकारी कागदावरचं शॉर्टफॉर्म गावानं उचललं आणि नातं लावून टाकलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला त्यातल्या एकाचंही नाव सांगता येत नाही, माझ्यासकट, मी पन्नाशीत पहिल्यांदा नवेगाव बांध बघितला. गेलो होतो कुठलं तरी मोठं धरण बघायच्या मूडमध्ये आणि बघतो तर डोंगरांच्या मधल्या फटी मातीच्या पाळी घालून बुजवलेल्या, काँक्रीट नाही काही नाही, आणि आत नजर पोचेल तिथपर्यंत पाणी. ते कोलू पाटील कोहळीचं काम म्हणून सांगतात. लेव्हलचं यंत्र नव्हतं तेव्हा पाण्याचा उतार यांनी कशानं बघितला असेल, मी पाळीवर उभा राहून अर्धा तास हाच विचार करत होतो, बायको गाडीत बसून हॉर्न वाजवत होती.

गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी हे तलाव बांधले, जो बांधेल त्याला जमीन, अशी पद्धत. पुढे मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार, आले, तलाव त्यांच्या ताब्यात, पण दुरुस्तीला गाव हजर असायचं, कारण खालच्या बांध्यांतलं धान त्याच पाण्यावर. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, झाली आणि पावसानं दडी मारली की तलाव सोडायचा, पाळी कुणाची आधी कुणाची नंतर ते गावात ठरलेलं. काढणी झाली की ढिवर लोकांची मासेमारी. काठावर ओल धरली की तिथं परत काहीतरी पेरायचं. म्हणजे एकाच पाण्यावर तिघाचौघांची पोटं, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची गरज.

१९५० मध्ये मालगुजारी गेली, तेव्हा तुमचा भाग मध्य प्रदेशात होता. मालगुजार गेला ते बरंच झालं, त्याबद्दल मला काही रडायचं नाही, तो काही संत नव्हता. पण तलाव सरकारच्या नावावर चढले आणि गावाला वाटलं आता सरकार बघेल, आणि सरकारला, म्हणजे आम्हालाच म्हणा ना, एवढ्या बारक्या तलावांत काही रस नव्हता, आमच्या डोक्यात मोठी धरणं. आम्ही पाणीपट्टी लावायला गेलो तेव्हा तुमच्याकडच्या लोकांनी निस्तार हक्काचे, म्हणजे गावाच्या वापराच्या जुन्या हक्काचे, कागद काढून दाखवले की हे पाणी आमच्या आज्यानं बांधलंय, पट्टी कसली. बरोबरच होतं त्यांचं.

आता रया गेली म्हणता, तर मी न बघता सांगतो काय झालं असेल: गाळ, काठाला बेशरमची झाडी, आणि आत बाहेरून आणून सोडलेले मासे. बरोबर ना? गाळ काढायला जेसीबी येतो, तो सरसकट खरवडतो आणि काठावरच्या देशी पाणवनस्पती मुळासकट जातात, ज्यांच्यात मासे अंडी घालतात. वर गवत्या मासा सोडला की उरलंसुरलं तोच खातो. मग लोक म्हणतात गाळ काढला तरी मासळी नाही. तुमच्या शेजारच्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातल्या बायाबापड्यांनी हे उलटं करून दाखवलंय, बेशरम हातानं उपटली, उन्हाळ्यात तलावाचं पोट नांगरलं आणि दुसऱ्या तलावांतून देशी वनस्पती आणून धानासारखी रोवणी केली. तलावात रोवणी! मासे परत आले, पक्षी परत आले. तिथं एकदा जाऊन या, एसटीनं तासाभराचा रस्ता असेल. कुणाला सांगावं म्हणाल तर शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारा तलाव असेल तर तो जिल्हा परिषदेकडे, त्याच्या वरचा पाटबंधाऱ्याकडे. अर्ज करा, पण मासेमारी संस्थेच्या लोकांना सोबत घेऊन करा, नुसत्या शेतकऱ्यांचा अर्ज गेला की जेसीबीच येतो, हा माझा अनुभव.

पाटणहून एक वाचक: कोयना धरणामुळे भूकंप होतो हे खरं का? आजोबा म्हणतात हो, गावातले सर म्हणतात अफवा.

आजोबांकडे झुकतं माप. ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट त्यांनी पाहिली असेल. शिवाजीसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, पाणी भरायला लागल्यापासून त्या भागात हादरे सुरू झाले, आणि जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपाचं उदाहरण म्हणून कोयना आज जगभर शिकवतात. खडकात ताण आधीच असतो, पाण्याचं वजन आणि खडकात मुरणारं पाणी त्याला निमित्त देतं. म्हणजे भांडण जुनंच, पाणी फक्त काडी टाकतं. अभ्यासासाठी तुमच्या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय आणि कराडजवळ त्याची प्रयोगशाळा आहे, सरांना घेऊन जा.

सांगोल्याहून एक डाळिंब बागायतदार: ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं केलं, प्लास्टिक कागद टाकला, जानेवारीत बोअरनं फुल्ल भरलं. मार्चअखेर पाहतो तर बरंच खाली. कागद फाटलाय का? कंपनीवाला फोन उचलत नाही.

फाटला असेलही, पण आधी उन्हाचा हिशोब करू. तुमच्या तळ्याचे उतार धरले तर त्यात साधारण २२ लाख लिटर बसतं. वरचा पसारा ९०० चौरस मीटर. तुमच्याकडे कडक उन्हाळ्यात दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी उडतं, ८ धरले तरी ७,२०० लिटर, म्हणजे पाच हजारवाला टँकर रोज दीड, हवेत. जमिनीखाली गार सावलीत असलेलं पाणी वीज जाळून वर काढायचं आणि उन्हात पसरून ठेवायचं, हे मला कधीच पटलं नाही, पण ते जाऊ दे, तुम्ही केलंय.

फाटलाय का ते असं बघा. एक पत्र्याचं पसरट टमरेल घ्या, पाण्यानं भरा, तळ्याच्या काठावर उन्हात ठेवा, आणि तळ्यात पट्टी उभी करा. आठ दिवसांनी दोन्हीकडचं उतरलेलं मोजा. तळं टमरेलाइतकंच किंवा कमी उतरलं तर ऊन, जास्त उतरलं तर कागद. धरणावर आमच्याकडेही असंच मोठं गोल पात्र असतं, रोज सकाळी आकडा लिहायचा. त्यावर तारेची जाळी टाकलेली असते, कारण नाहीतर कावळे येऊन पाणी पितात. आमच्याकडे एका उन्हाळ्यात जाळी गंजून फाटली होती, आठवडाभर बाष्पीभवन एकदम वाढलेलं दिसलं, मी वर रिपोर्ट पाठवला, वरून उलट विचारणा आली, मग एक दिवस मी झाडाखाली लपून बसलो तर नऊ कावळे काठावर ओळीत. तेव्हा तुमच्या टमरेलावर पण जाळीसारखं काहीतरी टाका, उघडं ठेवलं तर शेळ्या आहेतच.

आणि एक हात जोडून सांगतो, तळ्याला कुंपण घाला आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडून ठेवा, त्याला जुन्या ट्यूबा बांधा. तो कागद ओला झाला की लोण्यासारखा, पट्टीचा पोहणारा सुद्धा वर चढू शकत नाही. माझ्या मावसभावाच्या तळ्यात वासरू पडलं, त्याला काढायला गडी उतरला, गड्याला काढायला मावसभाऊ, तिघंही वाचले ते फक्त शेजाऱ्यानं ट्रॅक्टरचा दोर फेकला म्हणून. कुंपणाचा खर्च वाचवला होता त्यानं.

छत्रपती संभाजीनगरहून, आठवीतला एक वाचक: २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं होतं ना, मग आम्ही सहलीला गेलो तेव्हा हिरवंच होतं. आम्हाला फसवलं का?

नाही रे. गुलाबी झालं ते जून २०२० मध्ये, लॉकडाऊनमुळे सगळे घरी आणि हे तिकडे रंग बदलून बसलं. पाऊस लांबला, पाणी आटलं, खारेपणा वाढला, आणि अशा अति खाऱ्या पाण्यातच खूश असणारे सूक्ष्मजीव एकदम वाढले, त्यांच्या अंगातला रंग गुलाबी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुना नेला होता, तो न हलवता ठेवला तर गुलाबी सगळं तळाला बसलं आणि वर साधं पाणी! म्हणजे पाणी गुलाबी नव्हतंच, पाण्यातले राहणारे गुलाबी होते. पाऊस पडला, पाणी पातळ झालं, रंग गेला. तुम्ही पाहिलं तो हिरवा पण शेवाळाचाच. आणि हो, तो खड्डा ज्वालामुखीचा नाही, आकाशातून आलेल्या दगडाचा आहे, काळ्या बेसॉल्टमध्ये असा टिकलेला खड्डा जगात विरळाच, साधारण १.८ किलोमीटर रुंद. पोहायला उतरू नका, डोळे चुरचुरतात.

पुण्यातून, पोस्टकार्डवर: सारसबागेतल्या गणपतीला माझी सासू "तळ्यातला गणपती" म्हणायची. तिथं तळं कुठं आहे? लिलीच्या फुलांचा तो हौद म्हणजेच तळं का?

काकू, कार्डावर अक्षर काय सुंदर आहे तुमचं, घरात सगळ्यांना दाखवलं. तो हौद म्हणजे तळं नव्हे, तळं म्हणजे ती सगळी बागच. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचं पाणी अडवून तळं केलं, मध्ये बेट ठेवलं, आणि सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, त्या बेटावर गणपती बसला. सासूबाई म्हणायच्या तेच खरं नाव. पुढे तळं आटवलं आणि १९६० च्या दशकात तिथं बाग झाली, तुम्ही आज भेळ खात बसता ते तळ्याच्या पोटातच. आंबिल ओढा मात्र आहे तिथंच आहे, कात्रजच्या तलावाकडून येतो, २०१९ च्या सप्टेंबरातल्या पुरात एका रात्रीत त्यानं काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. पुढच्या वेळी जाल तेव्हा देवळातून बाहेर पडताना खाली उतरायला पायऱ्या किती आहेत ते मोजा आणि मला कळवा. मी दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.